रिसेप्शन बंद, आणि फोन मात्र तिथेच वाजतोय

नमस्कार मंडळी. या महिन्यात आलेली पत्रं आणि मेसेज बघता बघता लक्षात आलं की बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ऑफिसातला जुना ईपीएबीएक्स, म्हणजे भिंतीवरचा तो पांढरा डबा ज्याच्यात बाहेरच्या टेलिफोन लाईन येतात आणि आतले सगळे फोन जातात. आणि सगळ्यांचं दुखणं एकच, बाहेरून आलेला फोन आत चुकीच्या जागी वाजतो. बाहेर जाणारा कॉल लागला नाही तर आपल्याला लगेच कळतं, आपण ओरडतो, टेक्निशियनला बोलावतो. पण येणारा फोन कुणापर्यंत पोचलाच नाही तर ते आपल्याला कळतच नाही, कळतं ते फक्त फोन करणाऱ्याला. म्हणून यावेळी हीच चार पत्रं घेतलीयत, पहिल्याला जागा जास्त दिलीये कारण तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

प्रश्न – आमचं वीस खाटांचं छोटं हॉस्पिटल आहे. पॅनासोनिकचा टीईएस ८२४ बसवलाय, दहा-बारा वर्षं झाली, बाहेरच्या तीन लाईन आणि आत चौदा फोन. दिवसा काही प्रॉब्लेम नाही. पण रात्री दहाला रिसेप्शन बंद झालं की बाहेरचे फोन तिथेच वाजत राहतात, वरच्या मजल्यावर सिस्टर जाग्या असतात पण त्यांचा फोन वाजतच नाही. मागच्या आठवड्यात एका पेशंटच्या मुलानं रात्री दीड वाजता आठ वेळा फोन केला आणि शेवटी गाडी काढून स्वतःच आला. ज्यानं सिस्टीम बसवली तो आता गाव सोडून गेलाय. दुसऱ्या एकाला बोलावलं, त्यानं काहीतरी खटपट करून नाईटला नर्सिंग स्टेशन टाकलंय असं सांगितलं, पण फरक शून्य. आता म्हणतो मशीन जुनं झालंय, नवीन घ्या. घ्यावं का?
– एक डॉक्टर, सांगली जिल्हा

उत्तर – डॉक्टरसाहेब, नवीन मशीन घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. तुमचा डबा बिघडलेला नाही, त्याला जे सांगितलंय तेच तो इमानदारीनं करतोय.

मी स्वतः हे एकदा बघितलंय. एका तालुक्याच्या गावी मॅटर्निटी होममध्ये रात्री अकराला गेलो होतो दुसऱ्याच कामासाठी, आणि बंद रिसेप्शनच्या काचेआड फोन वाजत होता. वॉचमन बाहेर खुर्चीवर बसलेला, त्याला ऐकू येत होतं, पण शटरला कुलूप आणि किल्ली मॅडमच्या घरी. मला म्हणाला, रोजच वाजतो साहेब. त्या एका वाक्यानंतर मी कुठल्याही हॉस्पिटलची सिस्टीम बघायला गेलो की सगळ्यात आधी रात्रीचं सेटिंग उघडतो.

आता तुमच्या डब्याबद्दल. बाहेरून कॉल आला की हा डबा तीन गोष्टी बघतो. कॉल कुठल्या लाईनवर आलाय, आत्ता माझ्या घड्याळाप्रमाणे दिवस आहे की रात्र की जेवणाची सुट्टी, आणि या वेळेला या लाईनचा मोड काय लावलाय. हे तीन झाल्यावर मग तो ठरवतो कुठला फोन वाजवायचा. तुमच्या दुसऱ्या टेक्निशियननं बहुतेक शेवटची पायरी बदलली आणि मधली बघितलीच नाही.

सविस्तर सांगतो. या मॉडेलमध्ये प्रत्येक सेटिंगला तीन आकडी नंबर आहे. कुठल्या लाईनवर कुठला फोन वाजायचा हे ४०८, ४०९, ४१० मध्ये, अनुक्रमे दिवस, रात्र आणि लंच. तो माणूस म्हणतो नर्सिंग स्टेशन टाकलं म्हणजे त्यानं ४०९ मध्ये टाकलं असणार, बरोबरच आहे. पण ४१४, ४१५, ४१६ मध्ये लाईनचा मोड असतो, परत तेच, दिवस, रात्र, लंच. मोड नॉर्मल असेल तरच ४०९ मधली यादी चालते. मोड जर डीआयएल असेल, म्हणजे ती लाईन थेट एका ठरलेल्या फोनला बांधलेली असेल, तर ४०९ मध्ये तुम्ही अख्खं हॉस्पिटल टाका, वाजणार तो एकच फोन. माझा अंदाज असा की मूळ माणसानं दिवसरात्र सगळ्याच लाईन डीआयएल करून रिसेप्शनला बांधून ठेवल्या, तेव्हा कदाचित रात्री रिसेप्शनला माणूस बसत असेल. म्हणून ४१५ उघडून तिन्ही लाईन नॉर्मल करा, हे पहिलं.

दुसरं, घड्याळ. हे इतकं साधं आहे की कुणी बघतच नाही. डब्याचं स्वतःचं घड्याळ असतं, ०००मध्ये तारीख-वेळ, आणि ते चुकलेलं असेल, सकाळचे दहा आणि रात्रीचे दहा यांची अदलाबदल झालेली असेल, तर दिवसा नाईट मोड चालू राहतो आणि रात्री डे मोड. ००६ मध्ये बघा दिवस-रात्रीचा बदल आपोआप होतोय की हातानं करायचा ठेवलाय. हातानं असेल तर रोज रात्री कुणीतरी आठवणीनं बदलायला पाहिजे, आणि ती आठवण ठेवणारी रिसेप्शनची मुलगी नोकरी सोडून गेली की संपलं. ते आपोआपवर ठेवा. ००७ मध्ये वेळा असतात, वाराप्रमाणे वेगळ्या देता येतात, तर रविवार विसरू नका. रविवारी ओपीडी बंद, रिसेप्शन बंद, आणि डबा समजतोय सोमवारसारखाच दिवस आहे, असं होतं.

पण फोनला हात लावायच्या आधी एक कागद घ्या. खरंच घ्या, वहीचा पाठकोरा कागद चालेल. आडव्या तीन ओळी, लाईन एक, दोन, तीन, आणि उभे तीन रकाने, दिवस, लंच, रात्र. झाले नऊ चौकोन. प्रत्येक चौकोनात लिहायचं की आधी कोण वाजणार, आणि त्यानं नाही उचलला तर मग कोण. हे टेक्निशियननं भरायचं नाही, तुम्ही, मेट्रन आणि रात्रपाळीच्या सिस्टर यांनी बसून भरायचं, कारण रात्री दोन वाजता कोण कुठे असतं हे त्यांनाच माहीत. सिस्टर वॉर्डात सलाईन लावायला गेल्या तर स्टेशनचा फोन कोण घेणार? आरएमओची, म्हणजे हॉस्पिटलातच राहणाऱ्या डॉक्टरची खोली? वॉचमनची केबिन? मी असतो तर बोर्डावर आणि प्रिस्क्रिप्शनवर जो नंबर छापलाय त्या लाईनला रात्री नर्सिंग स्टेशन आणि आरएमओ लगेच वाजवले असते आणि वॉचमनकडे थोड्या उशिरानं. ही उशिरा वाजण्याची सोय तुमच्या डब्यात आहे, ४११, ४१२, ४१३. खूप लोक ती वापरतच नाहीत. पण वॉर्डातले फोन यादीत घेऊ नका, झोपलेले पेशंट दचकून उठतात.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. पहिल्या जॅकवर, म्हणजे डब्यात फोन जोडायचं जे पहिलं भोक असतं तिथे, बहुतेक १०१ नंबरला, डिस्प्लेवाला कंपनीचाच फोन लागतो, टी ७७३० सारखा. साध्या फोनवरून हे होत नाही. आणि त्या फोनची वायर चार तारांची लागते. कुणीतरी मध्येच साधी दोन तारांची वायर लावलेली असते, मग डिस्प्ले कोरा राहतो, आणि लोक म्हणतात फोन गेला. प्रोग्राम बटण, मग स्टार, हॅश, आणि सिस्टीम पासवर्ड, जो कंपनीतून १२३४ येतो आणि बऱ्याच ठिकाणी अजून तोच असतो. मग तीन आकडी नंबर टाकायचा आणि डिस्प्ले विचारेल तसं पुढे जायचं.

इथे एक फसगत नेहमी होते, तिकडे जरा बघा. डबा तुम्हाला एक्स्टेन्शन नंबर विचारत नाही, जॅक नंबर विचारतो, ०१ ते २४. मूळ सेटिंगमध्ये जॅक ०१ चा एक्स्टेन्शन १०१, जॅक ०२ चा १०२ असं सरळ असतं, पण मागे कुणी नंबर बदलले असतील तर तुमच्या नर्सिंग स्टेशनचा १०५ हा कदाचित जॅक ०९ वर असेल. मग तुम्ही ०५ ला चालू केलं आणि वाजायला लागला एक्सरे रूमचा. म्हणून आधी डबा उघडून कुठली तारांची जोडी कुठे गेलीये ते बघून त्या कागदाच्या मागे लिहून ठेवा. तुमच्याकडे चौदा फोन आहेत म्हणजे मूळ आठच्या वर आठचं कार्ड घातलंय, तर जॅक सोळा असणार, दोन मोकळे.

प्रत्येक बदलानंतर स्टोअर दाबायचंच, नुसतं बाहेर पडलात तर बदल राहत नाही. पासवर्ड लागला नाही तर मात्र कुणाला रिसेट करू देऊ नका, त्यात सगळं पुसलं जातं आणि मग चौदा फोनांचं सगळं नव्यानं बसवत बसावं लागेल. आणि हो, काम झाल्यावर पासवर्ड बदला आणि तो डब्याच्या झाकणावर लिहू नका, तुमच्या कपाटात ठेवा. हा डबा कॉम्प्युटरला जोडूनही प्रोग्राम करता येतो, तसा कुणी माणूस मिळाला तर पूर्ण सेटिंगची फाईल सेव्ह करून पेनड्राइव्हवर तुमच्याकडे मागून घ्या.

टेस्टिंग दिवसा करून उपयोग नाही. रात्री सव्वादहाला खाली कुणाला तरी उभं करा, वर कुणाला तरी, आणि मोबाईलवरून फोन लावा. तिन्ही लाईन हंटिंगमध्ये असतील, म्हणजे एकच नंबर फिरवला की एक्स्चेंज जी लाईन मोकळी असेल तिकडे कॉल देतं, तर नुसता एक कॉल करून फक्त पहिली लाईन तपासली जाते. पहिला कॉल उचलून चालू ठेवा, मग दुसऱ्या मोबाईलवरून करा, तो दुसऱ्या लाईनवर येईल, तोही चालू ठेवून तिसरा. तिन्ही वर वाजले तर काम झालं.

अजून एक. लाईट गेली आणि बॅकअप नसला तर या डब्यात पहिली लाईन थेट पहिल्या जॅकला जोडली जाते, म्हणजे परत बंद रिसेप्शन. डब्याला चांगला यूपीएस द्या, हॉस्पिटलच्या इन्व्हर्टरवरच घ्या.

प्रश्न – आमची पतसंस्था आहे. फोन केला की मेसेज वाजतो, कर्जासाठी एक दाबा, ठेवीसाठी दोन दाबा वगैरे. मागच्या वर्षी तांब्याची लाईन जाऊन फायबर आला, नंबर तोच राहिला. तेव्हापासून सभासदानं मध्येच फोन ठेवला तरी आमची लाईन बिझीच राहते, दिवसातून तीन-चार वेळा मशीन बंद करून चालू करावं लागतं. आणि वयस्कर सभासद म्हणतात की एक दाबलं तरी काही होत नाही. मशीन दुसऱ्या कंपनीचं आहे, पंधरा वर्षं जुनं.
– शाखाधिकारी, सातारा जिल्हा

उत्तर – ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकत्र आलीयत म्हणून गोंधळ होतोय.

पहिलं दुखणं. समोरच्यानं फोन ठेवला हे आपल्याला कसं कळतं? टूं टूं ऐकू येतं आणि आपण ठेवतो. पण मेसेज वाजवणाऱ्या मशीनला ते कुणीतरी कळवावं लागतं. तांब्याच्या लाईनवर बऱ्याच ठिकाणी एक्स्चेंजकडून कॉल संपल्यावर तारेतला करंट क्षणभर तुटायचा किंवा दोन तारांची प्लस-मायनस उलटी व्हायची, त्यावरून डबा ओळखायचा की माणूस गेला, लाईन सोडा. आता फायबरचा जो छोटा बॉक्स तुमच्याकडे लावलाय त्याच्या टेलिफोनच्या भोकातून तुमच्या डब्याला लाईन जाते, म्हणजे तुमच्या डब्यासाठी आता एक्स्चेंज म्हणजे तो छोटा बॉक्स. आणि त्यात ही सोय बंद असली की डबा वाट बघत बसतो.

हे स्वतः तपासता येतं. फायबरच्या बॉक्समधून येणारी वायर डब्यातून काढा, त्यावर साधा फोन लावा आणि समांतर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. फोन ठेवलेला असताना साधारण ४८ च्या आसपास दिसेल, काही बॉक्स कमी देतात, उचलल्यावर बराच खाली येईल. आता मोबाईलवरून कॉल करा, उचला, बोला, आणि मोबाईल कट करा. मीटरकडे बघत राहा. आकडा क्षणभर शून्याकडे गेला किंवा समोर मायनस आला-गेला तर सिग्नल येतोय आणि सेटिंग तुमच्या डब्यात करायचंय. आकडा हललाच नाही तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा, आणि तक्रार करताना लाईन बिझी राहते एवढंच म्हणू नका, नाहीतर ते येऊन डायल टोन बघून जातील. असं म्हणा की कॉल संपल्यावर पोलॅरिटी रिव्हर्सल किंवा लाईन करंट तोडणं चालू करून द्या, आमच्याकडे ईपीएबीएक्स आहे.

ते नाहीच झालं तर तिसरा मार्ग, डब्याला टोन ऐकायला लावणं. बहुतेक डब्यांत ही सोय असते. आपल्या देशातला एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. पण फायबरच्या बॉक्समध्ये देश दुसराच निवडलेला असेल तर तो वेगळ्याच चालीचा टोन देतो आणि तुमचा डबा तो ओळखत नाही. साध्या फोनवर कान लावून ऐका, घड्याळ बघून मोजा, कळतं. आणि काहीही असलं तरी मेसेजवर आलेल्या कॉलला वेळेची मर्यादा घालून ठेवा, म्हणजे अडकलेली लाईन निदान काही मिनिटांत स्वतः सुटेल, बटण बंद-चालू करायला उठायला नको.

दुसरं दुखणं, एक दाबलं तरी काही होत नाही. तुमचे आतले नंबर १०१, १०२ असे असतील तर हेच होणार. सभासदानं एक दाबला की डब्याला वाटतं हा १०१ दाबतोय, तो पुढच्या आकड्यांची वाट बघत बसतो. इकडे आजोबांना वाटतं लागलंच नाही, ते परत एक दाबतात, झालं अकरा, आणि अकरा नंबरचं काहीच नाही. मेनूसाठी असे आकडे घ्या ज्यांनी आतला कुठलाच नंबर सुरू होत नाही. आतले सगळे एकनं सुरू होत असतील तर कर्जाला पाच, ठेवीला सहा द्या. कानाला विचित्र वाटेल पण लगेच लागेल. फक्त तो आकडा डब्यात दुसऱ्या कुठल्या सोयीला दिलेला नाही ना ते आधी बघा.

आणि मेसेजबद्दल मला मनापासून सांगायचंय. तुमचा मेसेज मी फोन करून ऐकला नाही, पण पतसंस्थांचे मेसेज मी भरपूर ऐकलेत, त्यात आधी संस्थेचं पूर्ण नाव, मर्यादित पर्यंत, मग स्थापना, मग बोधवाक्य, मग व्याजदर, मग एकदाचा एक दाबा. पेन्शनची चौकशी करणाऱ्या बाईला एवढं ऐकून घ्यायला लावणं बरं नाही. एवढंच ठेवा: नमस्कार, अमुक पतसंस्था. कर्जासाठी पाच, ठेवीसाठी सहा दाबा. काही दाबायचं नसेल तर थांबा, आम्ही फोन घेतो. आणि शेवटचं वाक्य खरं करा, म्हणजे काहीच दाबलं नाही तर कॉल काउंटरच्या माणसाकडे गेला पाहिजे, तुटता कामा नये. बऱ्याच डब्यांत हे ठरवायची जागा असते, बहुतेक ठिकाणी ती मूळ सेटिंगवरच पडलेली असते. मेसेज शाखेतल्याच कुणाच्या तरी आवाजात घ्या, गावाला ओळखीचा आवाज बरा वाटतो, फक्त पंखा बंद करून रेकॉर्ड करा.

फायबरच्या बॉक्सलाही यूपीएस द्या. तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजमधून यायची, म्हणून गावात लाईट नसली तरी फोन चालायचा. फायबरमधून वीज येत नाही.

प्रश्न – माझं सुताचं दुकान आहे. दुकान बंद झाल्यावर लँडलाईनला आलेला फोन माझ्या मोबाईलवर जायचा, मशीनमध्ये तसं करून दिलं होतं. मध्ये कोरोनात दुकान बंदच होतं, नंतर बघतो तर जातच नाही. दुकानाच्या दोन लाईन आहेत. मशीनवाला म्हणतो कार्ड गेलं.
– व्यापारी, इचलकरंजी

उत्तर – कार्ड गेलं असेल तर दुसऱ्या लाईनवरून तुम्हाला हातानं पण कॉल लागणार नाही. तेवढं आधी करून बघा, दुकानातल्या फोनवरून स्वतःचा मोबाईल फिरवा. आणि फिरवताना पुढे शून्य लावता का ते आठवा.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावणं देशभर सक्तीचं झालं. तुम्ही हातानं लावताना सवयीनं शून्य लावताय, पण डब्यात जो नंबर साठवून ठेवलाय तो त्याच्या आधीचा, दहा आकडी. डबा बिचारा दर रात्री तोच फिरवतो आणि तिकडून त्याला शून्य लावा अशी रेकॉर्ड ऐकू येते. साठवलेला नंबर काढा आणि पुढे शून्य लावून परत टाका. लाईन पकडायला तुमच्याकडे शून्य दाबावं लागत असेल तर दोन शून्य येतील, एक लाईनचं आणि एक मोबाईलचं, तिथे घोळ घालू नका. नऊ दाबून लाईन मिळत असेल तर नऊ, शून्य आणि मग नंबर.

पण यात एक मूळची अडचण आहे ती समजून घ्या. डबा कॉल मोबाईलवर पाठवतो म्हणजे आलेला कॉल एका लाईनवर धरून दुसऱ्या लाईनवरून तुम्हाला फोन करतो आणि दोन्ही जोडून देतो. तुमच्या दोनच लाईन. म्हणजे एका गिऱ्हाईकाशी बोलत असताना दुकान पूर्ण बिझी. आणि बोलणं संपल्यावर दोन्ही लाईन सुटल्या पाहिजेत, वर पतसंस्थेला सांगितलं तेच दुखणं इथेही येऊ शकतं, रात्री अडकली की सकाळपर्यंत अडकलेली. त्यापेक्षा कॉल फॉरवर्ड एक्स्चेंजवरच लावा, तुमच्या टेलिफोन कंपनीला विचारा, कोड देतील. मग कॉल दुकानात येतच नाही, बाहेरच्या बाहेर मोबाईलवर जातो, आवाजही चांगला येतो. फक्त सकाळी काढायला विसरायचं नाही.

प्रश्न – समुद्राकाठी आमचा लॉज आहे, तीन लाईन एकाच नंबरवर. बुकिंगवाले म्हणतात तुम्ही फोनच उचलत नाही. मी दिवसभर फोनशेजारी बसून असते हो! कधी लागतो कधी नाही. मे महिन्यात वीज पडली होती जवळ, पण त्यानंतर फोन चालू आहेत, मी रोज बोलते.
– लॉजमालकीण, रत्नागिरी जिल्हा

उत्तर – ताई, तुम्ही फोनशेजारीच बसताय यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि बुकिंगवालेही खोटं बोलत नाहीत. विजेनं तुमच्या तीनपैकी एका लाईनचं डब्यातलं पोर्ट मारलेलं असणार. बाहेरची लाईन चांगली, डबा चांगला, फक्त ते एक भोक मेलंय.

होतं काय बघा. एक नंबरच्या लाईनवर तुम्ही बोलताय. दुसरा कॉल आला, एक्स्चेंजला दोन नंबरची लाईन मोकळी दिसते, ते तिकडे घंटी पाठवतं. फोन करणाऱ्याला मस्त रिंग ऐकू येते. पण डब्याचं पोर्ट मेलेलं, त्याला घंटी कळतच नाही, आत काहीच वाजत नाही. तो माणूस कंटाळून ठेवतो आणि पुढच्या लॉजला फोन करतो. आणि ही लाईन एक्स्चेंजला कायम मोकळीच दिसते, म्हणून एक नंबर बिझी असताना येणारा कॉल दर वेळी इथेच येऊन पडतो. म्हणजे गर्दीच्या दिवशीच, जेव्हा फोन लागोपाठ येतात, तेव्हाच तुमचं नुकसान जास्त.

डब्यात येणाऱ्या तिन्ही जोड्या जिथे क्रोनवर, म्हणजे तारा बसवायच्या पट्टीवर, पंच केल्यात तिथे एकेक जोडी सोडवून थेट साधा फोन लावून बघा, किंवा कुणाकडून बघून घ्या. साध्या फोनवर डायल टोन येतोय, कॉल येतोय, पण तीच जोडी डब्यात गेली की नाही, तर ते पोर्ट गेलं. हात लावताना जपून, घंटीच्या वेळी तारेत ७५ व्होल्टच्या आसपास एसी येतो, चांगला झटका बसतो. मग डब्यात चौथं पोर्ट मोकळं असेल तर लाईन तिकडे हलवा. पण नुसती तार हलवून पुरत नाही, त्या नव्या पोर्टला कुठला फोन वाजवायचा हेही सांगावं लागतं. नाहीतर तो कॉल भलत्याच खोलीत वाजेल, एखाद्या पाहुण्याच्या उशाशी.

पोर्ट मोकळं नसेल तर कार्ड दुरुस्त होईपर्यंत ती लाईन हंटिंगमधून काढायला सांगा. किंवा तात्पुरतं सगळ्यात सोपं, त्या जोडीला डब्याऐवजी थेट एक साधा फोन लावून तुमच्या टेबलावर ठेवा. दोन फोन शेजारी दिसतील, दिसू द्या, बुकिंग तर जाणार नाही.

आणि पुढच्या वळवाच्या आधी तिन्ही लाईनला जीडीटीचे, म्हणजे विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे प्रोटेक्टर घालून अर्थिंगला जोडून घ्या. तुमच्याकडे खाली जांभा, मे महिन्यात तो पार कोरडा पडतो आणि अर्थिंगचा खड्डा असून नसल्यासारखा होतो, विजेला जमिनीत जायला वाट मिळत नाही, ती डब्यातून वाट काढते. एप्रिल लागला की त्या खड्ड्यात रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतायला कुणाला तरी सांगून ठेवा.